पाण्याच्या कडेकडेने

निघालो होतो दिवेआगरला.
जुनी चारशे सात घेतली तेव्हाच ठरलेलं.
वीस वर्षं टॉवेलचे गठ्ठे वाहिले तिने,
आता फक्त आम्ही दोघं, गादी, शेगडी, शेंगाचटणीचा डबा,
मागच्या फाळक्याला चादरीचा पडदा –
कडेला सूत चुकलेला,
म्हणून बाजार न बघितलेला.

साखर पेठेत शेजारीण म्हणाली,
या वयात टेम्पोत झोपणार?
अंबादास म्हणाला, झोपणार कशाला, बघणार.

टेंभुर्णीपुढे इंजिन तापलं.
पाण्यासाठी कंदरहून आत वळलो,
केळीच्या बागांमधून, चाकोरी नेईल तसे,
आणि बाग संपली
तिथे जमीनही संपली.

समोर एवढं पाणी
की अंबादासने हॉर्न वाजवला.
कुणाला, त्यालाच ठाऊक.

समुद्रम्, तो म्हणाला. आमच्या घरात तेलुगूच चालते.
मी म्हटलं, चाखून बघ.
त्याने ओंजळ तोंडाला लावली,
आणि पडेल आवाजात म्हणाला,
गोडं आहे गं.

मग पुढे गेलोच नाही.
म्हणजे गेलो, पण दिवसाला पाच-सहा किलोमीटर,
तेही चहा धरून.
उजनीचा काठ सरळ चालत नाही.
ओढ्याच्या तोंडात शिरतो, कुणाच्या उसाला वळसा घालतो.
पलीकडचा माणूस बैल धुताना शिव्या देतो त्या ऐकू येतात,
आणि रस्त्याने त्याच्याकडे जायला अर्धा दिवस.

एकतीस वर्षं मी टॉवेलच्या कडा दुमडल्या.
नगावर पैसे.
कड सरळ आली नाही तर माल परत.
इथे संध्याकाळी मी पाण्याच्या कडेला उलथणं खोचलं,
सकाळी पाणी चार बोटं मागे.
दुसऱ्या सकाळी पाच.
ही किनार रोज उसवते,
आणि परत करायला कुणी येत नाही.

चिखलठाणच्या बाजूला लांब काही गुलाबी दिसलं,
उथळात वाळत घातलेलं.
मला वाटलं रंगाऱ्याकडचं सूत.
मी अंबादासला दाखवायला बोट केलं
आणि सूत उडालं.
बराच वेळ आम्ही दोघं तोंड वर करून.
त्याची टोपी पडली, ती दुपारी सापडली.

मारुती मल्लाव होडीतून आला,
चिलापी देऊन गेला, पैसे नको म्हणाला,
पण बॅटरीवर मोबाइल चार्ज करून घेतला.
म्हणाला, गाडी जरा वर घ्या,
उन्हाळ्यात इथं आमचं जुनं गाव निघतं.

निघालं खरं.
आधी एक उंबरा, दाराशिवाय.
मग आडाचं तोंड, गाळाने बुजलेलं.
मग एक चौथरा, सपाट, छान उंचीचा;
अंबादासने त्यावर आरसा टेकवला
आणि दाढी करायला बसला.

मल्लावची बायको सुंद्राबाई जाळं सोडवत होती.
मान वर न करता म्हणाली,
पिठाची गिरणी होती ती.
माझी आई डबा घेऊन तिथंच उभी राहायची,
तुम्ही बसलाय तिथं.

अंबादासने अर्धी दाढी तशीच ठेवली.
ओल्या पंज्याने दगडावरचा फेस पुसला,
आरसा उचलला,
टेम्पोमागे जाऊन उरलेली केली.
त्या दिवशी आम्ही फार बोललो नाही.
मासे मात्र चांगले झाले होते.

रात्री श्रीलताचा फोन.
पोचलात का समुद्रावर?
मी अंबादासकडे पाहिलं.
त्याने फोन घेतला, पाण्याकडे धरला,
पाणी नेमकं गप्प होतं,
टिटवी तेवढी ओरडली.
पोचलो, तो म्हणाला.

पाचव्या दिवशी गॅस संपला.
परतताना मोहोळला चहाला थांबलो,
तेव्हा आठवलं, उलथणं तिथंच राहिलं.
नवीन घेऊ, तो म्हणाला. घेतलंही.

पण भाकरी उलटताना अजून
माझा हात मध्येच थांबतो –
आता किती बोटं लांब गेलं असेल पाणी,
का पाऊस लागून
दांड्यापर्यंत आलं असेल परत.